बिऱ्हाडकरूंची मालकी : मुंबईतील सहकारी घरबांधणीचा इतिहास व बोध

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळी घर बांधणाऱ्यापुढील अडचणी म्हणजे लाकूडफाटा, गवंडी, सुतार आणि हातचा पैसा यांच्या असत. पायाखालची जमीन बहुधा वडिलोपार्जितच असे. मुंबईसारख्या नगरीत ही स्थिती पार उलटली. येथे विटा-सिमेंटपेक्षा ती ज्यावर रचावयाची ती जमीनच दुर्मिळ, आणि म्हणून घराच्या किमतीतील मोठा हिस्सा भिंतींचा नसून भूमीचा असतो. उद्योगानिमित्त मुंबईत येऊन राहिलेल्या आपल्या ज्ञातिबांधवांस हे सांगावयास नकोच. आपल्या संस्थेच्या सभासद-सूचीतील पत्ते पिढी-दर-पिढी पाहिले तरी हा इतिहास ध्यानी येतो : आजोबा गिरगाव-परळास, वडील दादर-विलेपार्ल्यास, आणि नातू बदलापूर किंवा विरारला.

या स्मरणिकेत ज्ञातीच्या पूर्वपीठिकेविषयी, शिक्षणनिधीविषयी व थोर पुरुषांविषयी लेख नेहमी येतात. घराच्या प्रश्नाविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. वस्तुतः ज्ञातिसंस्थांच्या इतिहासात घरबांधणीइतके भरीव असे कार्य थोडेच सापडेल. त्या कार्याचा मागोवा घ्यावा, त्यातील टिकाऊ भाग कोणता व टाकावा असा भाग कोणता हे पाहावे, आणि आज आपणांपुढे जो प्रश्न उभा आहे त्याला त्यापासून काही प्रकाश मिळतो काय याचा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्लेगपासून ट्रस्टपर्यंत

१८९६ साली मांडवी भागात प्लेग उद्भवला आणि मुंबईच्या घरांची खरी अवस्था राज्यकर्त्यांच्या डोळ्यांपुढे आली. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांतून माणसे दाटीवाटीने राहत होती. रोगाचे मूळ या दाटीत आहे असे ठरवून सरकारने १८९८ साली कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, जुन्या वस्त्या पाडल्या, गावदेवी, दादर, माटुंगा या भागांत नवीन भूखंड आखले आणि कामगारांसाठी काही चाळीही बांधल्या. परंतु पाडण्याचा वेग बांधण्याच्या वेगापेक्षा अधिक राहिला. एका वस्तीतून उठविलेली कुटुंबे शेजारच्या वस्तीत शिरली, आणि तेथील दाटी व भाडे दोन्ही वाढली. १९०१ साली मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ होती; १९२१ साली ती ११,७५,९१४ झाली. त्या काळी नगरातील सुमारे दोन-तृतीयांश लोक एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत असत.

या संकटातून बाहेर पडण्याचे तीन मार्ग त्या वेळी लोकांनी चोखाळले. त्यांना दानाचा मार्ग, सरकारचा मार्ग आणि सहकाराचा मार्ग अशी नावे आम्ही देतो.

दान आणि सरकार

दानाच्या मार्गाचे उत्तम उदाहरण पारशी समाजाने घालून दिले. विसाव्या शतकाच्या आरंभी जेरबाई वाडिया या दानशूर स्त्रीने आपल्या समाजातील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी लालबागेस घरे बांधण्यास प्रारंभ केला. नवरोज बाग, रुस्तम बाग, खुसरो बाग इत्यादी वसाहती या वाडिया घराण्याच्या दानातून उभ्या राहिल्या. हवा, उजेड, मोकळे अंगण आणि माफक भाडे ही त्यांची लक्षणे. परंतु असा मार्ग ज्या समाजात मोठे धनिक आहेत त्यालाच परवडणारा. कारकुनी, मास्तरकी किंवा छोटी दुकानदारी करणाऱ्या ज्ञातींना वाडियांसारखे दाते कोठून मिळणार?

सरकारच्या मार्गाचा मोठा प्रयोग गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत १९२० साली सुरू झाला. नव्याने स्थापिलेल्या ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधून झाल्या. त्यांनाच आपण ‘बीडीडी चाळी’ म्हणतो. गंमत अशी, की घरांची एवढी टंचाई असतानाही आरंभीची कित्येक वर्षे वरळीच्या बहुतेक चाळी रिकाम्या पडून होत्या. बांधकाम अपेक्षेपेक्षा महाग झाले होते, भाडे कामगाराच्या आवाक्यातले नव्हते, आणि कामाचे ठिकाण व बाजार दूर होते. घर स्वस्त व्हावयाचे तर त्याचा हिशेब राहणाऱ्याच्या मिळकतीपासून सुरू झाला पाहिजे, बांधणाऱ्याच्या आराखड्यापासून नव्हे, हा धडा त्या रिकाम्या चाळींनी दिला. याच चाळींनी पुढे हजारो कुटुंबांना तीन-चार पिढ्या आसरा दिला, हेही विसरता येत नाही. अलीकडे म्हाडाने त्यांच्या पुनर्विकासाचे काम हाती घेतले असून वरळी येथील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या.

सहकाराचा मार्ग

तिसरा मार्ग सहकाराचा. तो ज्या गृहस्थांनी मुंबईत घालून दिला त्यांचे नाव रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. कानडा जिल्ह्यांतून नोकरीनिमित्त मुंबईत आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजातील हे गृहस्थ. आपले गुरुजी शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावाने त्यांनी १९०६ साली सहकारी पतपेढी स्थापिली. तीच आजची शामराव विठ्ठल बँक होय. ज्या समाजाजवळ मोठे धन नाही, पण नियमित पगार आहे आणि परस्परांविषयी विश्वास आहे, त्या समाजाने तो विश्वासच भांडवल म्हणून वापरावा, ही त्यांची दृष्टी होती.

१९०४ च्या सहकारी कायद्याने केवळ पतपेढ्यांस मान्यता होती. १९१२ च्या कायद्याने इतर उद्देशांच्या संस्थांनाही दार उघडले. त्याचा लाभ घेऊन १९१५ साली ‘सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी’ नोंदविण्यात आली, आणि गावदेवी येथे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या भूखंडांवर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने तिच्या इमारती उभ्या राहिल्या. भारतातील सहकारी गृहनिर्माणाच्या चळवळीचा उगम सांगताना या संस्थेचे नाव अग्रभागी घेतले जाते, ते योग्यच आहे.

या संस्थेने स्वीकारलेली पद्धती इंग्लंडात नुकतीच रूढ झाली होती. लंडनच्या पश्चिमेस इलिंग येथे १९०१ साली काही कारागीर मंडळींनी ‘इलिंग टेनंट्स’ नावाची संस्था काढली होती. तिचे तत्त्व असे, की घरे कोणा एकाच्या मालकीची नसावीत. सर्व घरांची मालकी संस्थेकडे असावी, आणि संस्थेचे भागीदार तेच तिचे भाडेकरू असावेत. म्हणजे व्यक्ती म्हणून प्रत्येक जण भाडेकरू आणि समूह म्हणून सर्व जण मालक. तालमकी व त्यांचे सहकारी यांनी हे तत्त्व गावदेवीच्या मजली इमारतींना लागू केले. इंग्लंडात प्रत्येक कुटुंबास बागेसह स्वतंत्र घर असे. मुंबईत जमिनीच्या भावामुळे ते शक्य नव्हते. यास्तव एका छताखाली अनेक बिऱ्हाडे, परंतु प्रत्येक बिऱ्हाडाचे दार, स्वयंपाकघर व न्हाणीघर स्वतंत्र, अशी रचना पुढे मध्यमवर्गात सर्वत्र रूढ झाली.

या पद्धतीने घर स्वस्त का होते, हे वाचकांस एका कल्पित हिशेबाने समजेल. समजा, वीस बिऱ्हाडांची इमारत एक लक्ष रुपयांत उभी राहिली. सभासदांनी भागभांडवल म्हणून पंचवीस हजार भरले आणि पंचाहत्तर हजार पाच टक्के व्याजाने, चाळीस वर्षांच्या फेडीने कर्जाऊ घेतले. पहिल्या वर्षी व्याजाचे ३,७५० रुपये, मुद्दलाच्या हप्त्याचे १,८७५ रुपये, आणि जमिनीचे भाडे, कर व दुरुस्ती मिळून २,७७५ रुपये. एकूण ८,४०० रुपये. म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडास दरमहा ३५ रुपये. मुद्दल फिटत जाईल तसतसे व्याजही उतरत जाते. चाळीस वर्षांनी कर्ज संपले, की महागाई बाजूस ठेवल्यास दरमहाचा खर्च केवळ ११ रुपये ९ आणे उरतो. खाजगी घरमालकाच्या इमारतीत मात्र उलट घडते. त्याचे कर्ज फिटले म्हणून तो भाडे उतरवीत नाही. शेजारची जमीन महागली, की तो भाडे चढवितो. सहकारी इमारतीत जमिनीच्या भाववाढीवर हक्क सांगणारा कोणी नसतो, आणि स्वस्ताईचे सारे रहस्य एवढ्यातच आहे.

गावदेवीपासून ही पद्धती सांताक्रूझसारख्या उपनगरांत गेली. तालमकींच्या प्रेरणेने ‘बॉम्बे को-ऑपरेटिव्ह हाउसिंग असोसिएशन’ ही प्रचारसंस्थाही काम करू लागली. १९२५ साली मुंबई प्रांताने स्वतंत्र सहकारी कायदा केला. दादर, माटुंगा, विलेपार्ले, सांताक्रूझ या भागांत अनेक ज्ञातींच्या व समव्यावसायिकांच्या संस्था निघाल्या. ज्या इमारतींच्या दगडी पाट्यांवर आज आपण ज्ञातीची नावे वाचतो, त्यांपैकी कित्येक याच लाटेतील होत.

ज्ञातीची भिंत

येथे एक अप्रिय, परंतु आवश्यक गोष्ट सांगितली पाहिजे. सहकाराला विश्वास लागतो, आणि त्या काळी विश्वासाची तयार पेढी म्हणजे ज्ञाती. कोणाचा मुलगा, कोणत्या गावचा, वडिलांचा व्यवहार कसा, हे सर्वांस ठाऊक असे. त्यामुळे हप्ते बुडत नसत. या दृष्टीने ज्ञातीने सहकारास मोठे साहाय्य केले. परंतु त्याच भिंतीने दुसऱ्यांस बाहेर ठेवले, हेही तितकेच सत्य आहे.

मुंबईत घर मिळणे हा प्रश्न केवळ पैशाचा कधीच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून उच्च विद्या संपादून १९१७ साली बडोद्यास नोकरीवर गेले, तेव्हा जातीमुळे त्यांना राहावयास जागा मिळेना आणि उतारा सोडावा लागला. ही घटना त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मुंबईत ते अनेक वर्षे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले, आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून तेथे राहावयास गेले. ज्या सार्वजनिक संस्थेने चाळ बांधली तिच्या खोलीत त्यांना प्रवेश होता. ज्ञातींच्या खाजगी वसाहतींची दारे मात्र त्यांच्या समाजास बंद होती. ज्ञातिसंस्थांच्या घरबांधणीचा गौरव करणाऱ्याने ही दुसरी बाजूही मांडलीच पाहिजे.

हा प्रश्न जुना झाला असेही नाही. अहमदाबाद येथील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असा निर्णय दिला, की सहकारी संस्थेने आपल्या उपविधीने सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणे बेकायदेशीर नाही. कायद्याने जे चालते ते सर्वच योग्य असते असे मात्र नाही. आज एकमेकांच्या व्यवहाराची खातरजमा करण्यास ज्ञातीची गरज उरलेली नाही; पगारपत्रक, बँकेचा उतारा आणि प्राप्तिकराचे विवरण हे काम अधिक चोख करतात. मग जी भिंत विश्वासासाठी बांधली होती ती विश्वासाचे कारण संपल्यावर कशासाठी राखावयाची, याचा विचार आपल्या सभासदांनी शांतपणे करावा, अशी आमची विनंती आहे.

निर्माण गेले, संस्था राहिली

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून ठेविली. भाडेकरूंस मोठे संरक्षण मिळाले. परंतु भाड्याने देण्यासाठी घर बांधण्यात कोणास स्वारस्य उरले नाही आणि जुन्या चाळींची दुरुस्तीही थांबली. त्यांच्यासाठी १९६९ साली कायदा करून उपकर बसवावा लागला व दुरुस्ती मंडळ निर्माण करावे लागले. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने १९४७ च्या कायद्याची जागा घेतली.

भाड्याची घरे बांधली जाईनात, तेव्हा मालकी हक्काच्या सदनिकांचा काळ आला. विकासक जमीन घेई, इमारत बांधे, एकेक सदनिका विके, आणि मग खरेदीदारांची सहकारी संस्था नोंदवून निघून जाई. या व्यवहारातील फसवणूक रोखण्यासाठी १९६३ साली मालकी सदनिकांचा कायदा झाला. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमही याच सुमारास आला. संस्थांची संख्या झपाट्याने वाढली. परंतु तालमकींच्या काळची संस्था घरे निर्माण करीत असे, तर ही नवी संस्था विकत घेतलेल्या घरांचा जिना झाडते व पाण्याची टाकी धुते. ‘गृहनिर्माण संस्था’ हे नाव राहिले. निर्माण मात्र दुसऱ्याच्या हाती गेले. आणि त्याबरोबर जमिनीच्या भाववाढीचा लाभही दुसऱ्याच्याच हाती गेला. कित्येक संस्थांच्या नावे इमारतीखालची जमीनही झाली नाही. म्हणूनच २००८ साली ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली.

सरकारी प्रयत्नही चालूच होते. १९४८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ आले, १९७७ साली म्हाडा स्थापन झाली, आणि १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. यांपैकी एका योजनेची आठवण विशेष ठेवण्याजोगी आहे. १९८५ च्या सुमारास जागतिक बँकेच्या साहाय्याने चारकोप, गोराई इत्यादी ठिकाणी शासनाने घरे न बांधता रस्ते, पाणी, गटारे यांनी युक्त असे लहान लहान भूखंड दिले. सुमारे पस्तीस कुटुंबांचा एक गट, मध्ये अंगण, आणि गटाची एक सहकारी संस्था अशी रचना करण्यात आली. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे आधी एक खोली व पुढे मजला चढविला. राहणाऱ्याच्या मिळकतीपासून हिशेब सुरू केला म्हणजे काय होते, हे तेथे दिसून आले.

विनोबांचे बीज, परदेशातील रोप

जमीन समूहाची व घर राहणाऱ्याचे, या तत्त्वाचा एक आश्चर्यकारक प्रवास वाचकांस सांगावासा वाटतो. कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावी जन्मलेल्या विनोबा भावे यांनी १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदानास आरंभ केला. त्यातून पुढे ग्रामदानाची कल्पना आली : गावाची जमीन गावाने विश्वस्त म्हणून सांभाळावी. ही कल्पना अमेरिकेतील राल्फ बोरसोदी व रॉबर्ट स्वान यांच्या मनात रुजली. १९६९ साली जॉर्जिया राज्यात, कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी, ‘न्यू कम्युनिटीज’ नावाचा भूमी-विश्वस्त निधी स्थापन झाला. १९८४ साली व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन या शहराने तीच कल्पना शहरी घरांना लावली. तेथे जमीन विश्वस्त संस्थेकडे राहते. कुटुंब फक्त घर विकत घेते, आणि पुढे ते विकावयाचे झाल्यास ठरलेल्या सूत्रानेच किंमत घेते. भाववाढीचा काही अंश विकणाऱ्यास मिळतो; उरलेला घरातच राहतो, म्हणून पुढच्या कुटुंबासही ते घर परवडते.

गावदेवीच्या बिऱ्हाडकरूंनी १९१५ साली जे केले आणि विनोबांनी खेड्यासाठी जे मागितले, त्या दोन्हींचे तत्त्व एकच आहे. आपल्याच भूमीतील हे बीज परदेशी रुजले, आणि आपण मात्र ते विसरलो.

आज काय करावे

आपल्या अनेक सभासदांच्या इमारती आता पन्नास-साठ वर्षांच्या झाल्या आहेत. पुनर्विकासाचे प्रस्ताव घेऊन विकासक दाराशी येत आहेत. या निर्णयावर पुढील दोन पिढ्यांचे मुंबईतील वास्तव्य अवलंबून आहे, म्हणून तो घाईने होऊ नये. पुनर्विकासासाठी शासनाने सहकार कायद्याच्या कलम ७९-अ अन्वये ३ जानेवारी २००९ व ४ जुलै २०१९ रोजी निर्देश दिले आहेत. त्यांत खुल्या निविदा व सर्वसाधारण सभेची संमती यांची पद्धत घालून दिली आहे. तसेच सप्टेंबर २०१९ च्या शासननिर्णयाने ‘स्वयंपुनर्विकासा’स उत्तेजन देण्यात आले, आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने अशा संस्थांना कर्ज देण्यास पुढाकार घेतला. स्वयंपुनर्विकास म्हणजे संस्थेने स्वतः वास्तुशास्त्रज्ञ व कंत्राटदार नेमून, स्वतः कर्ज काढून इमारत बांधणे. विकासकाचा नफा अशा रीतीने संस्थेतच राहतो. म्हणजे हरवलेले ‘निर्माण’ पुन्हा संस्थेच्या हाती येते.

हा मार्ग सोपा नाही. त्यास जोखीम आहे, सभासदांत एकवाक्यता लागते, आणि हिशेब जाणणारी व वेळ देणारी माणसे लागतात. ज्ञातिसंस्थेने साहाय्य करावयाचे ते येथेच. आमच्या मते तीन गोष्टी तूर्त करता येतील. पहिली, आपल्या ज्ञातीतील वास्तुशास्त्रज्ञ, अभियंते, वकील व हिशेबनीस यांचे एक सल्लागार मंडळ असावे, आणि इमारत कोणत्याही ज्ञातीच्या लोकांची असो, त्याने विनामूल्य सल्ला द्यावा. दुसरी, ज्या संस्थांच्या नावे अद्याप जमीन झालेली नाही, त्यांना अभिहस्तांतरणाच्या कामी कागदपत्रांचे साहाय्य करावे. कारण जमीन हाती नसताना पुनर्विकासाची बोलणी करणे व्यर्थ होय. तिसरी, पुनर्बांधणीत ज्या अधिक सदनिका निर्माण होतात त्यांपैकी दोन-चार तरी संस्थेने स्वतःच्या मालकीत ठेवाव्यात, आणि नवविवाहित दांपत्यांस, शिकाऊ मुलामुलींस किंवा एकट्या वृद्धांस खर्चापुरत्या भाड्याने द्याव्यात. त्या देताना अर्जदाराची गरज व मिळकत पाहावी, आडनाव पाहू नये.

तालमकींच्या पिढीजवळ पैसा आपल्याइतकाही नव्हता. पगार तुटपुंजे होते आणि कायदा नुकताच झाला होता. तरी त्या मंडळींनी भाडेकरू असतानाच मालक होण्याची युक्ती शोधली. आपल्या सभासदांनी येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी आपापल्या इमारतीचे कागद काढून पाहावेत, जमीन कोणाच्या नावे आहे याची खात्री करून घ्यावी, आणि वरील सूचनांविषयीचा आपला अभिप्राय कार्यकारी मंडळाकडे लेखी पाठवावा, एवढी नम्र विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.